चंद्र जवळ, नळ लांब

संपादक साहेब,
23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत पण फटाके फुटले, मी स्वतः पेढे वाटले, अभिमान आहेच हो. पण उजनी धरण भरलं तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी रात्री दोनला! 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपलं सोलापूर होतं म्हणे. शेजारच्या विडी वळणाऱ्या मावशी पाण्यासाठी जागतात, मग दिवसा हात चालत नाही, विड्या कमी, मजुरी कमी. यानाची वेळ मिनिटावर सांगतात, मग महापालिकेने नळाची पण मोबाईलवर टाकावी की.
– एक वाचक, सोलापूर