खुलं पत्र: मंत्रीसाहेब, मेळाव्याबद्दल आभार, पण माझी पिशवी परत द्या

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

परवा आपण नागपुरात बेघर लोकांसाठीच्या सेवा मेळाव्याचं उद्घाटन केलं त्याबद्दल आधी आभार मानतो. आधार, रेशन, बँक खातं, निराधार योजना, आरोग्य तपासणी, सगळं एकाच मंडपात, आणि स्टेजवरून सांगितलं गेलं की आज इथून एकही माणूस कागदाशिवाय परत जाणार नाही. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. कार्यक्रम सकाळी दहाचा होता, आपण पाऊण वाजता आलात, तोवर एकही काउंटर सुरू करायचं नाही असं वरून ठरलेलं होतं म्हणे, पण असो, आपल्याला शंभर कामं असतात आणि आम्हाला कुठे ऑफिस गाठायचं होतं.

आता मुद्द्यावर येतो. आपला ताफा ज्या रस्त्याने आला त्या रस्त्याच्या फुटपाथवर मी झोपतो. सामान तिथेच असतं, पुलाच्या खांबाला लागून, ताडपत्रीखाली. मेळाव्याची बस आम्हाला न्यायला सकाळी आठलाच आली, सोबतची कॉलेजची पोरं चांगली होती, म्हणाली काका कोणतेच कागद लागत नाहीत, सामान राहू द्या, दुपारपर्यंत आणून सोडतो. आम्ही बसमध्ये बसलो आणि मागून एक ट्रक आला आणि अख्खा फुटपाथ साफ करून गेला. कोणाचा ट्रक ते लिहीत नाही, उद्या मलाच नोटीस यायची. साहेबांची गाडी जाणार आहे म्हणून रोड क्लिअर पाहिजे, एवढं त्या ट्रकवरचा माणूस पानठेलेवाल्याला बोलला. पानठेलेवाल्याने हातापाया पडून आपला ठेला वाचवला, माझ्या पिशवीसाठी कोण पडणार.

सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी होती. त्यात बँकेचं पासबुक, माझ्या बीपीची फाइल, दोन शर्ट, आणि बायकोचा मृत्यूचा दाखला. तो दाखला काढायला मी किती चपला झिजवल्या ते आपल्याला सांगून काय उपयोग. तिचं डायलिसिस चालू होतं, मी नागपूरला लागून असलेल्या वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशोब लिहायचो, बी.कॉम. सेकंड इयरपर्यंत शिकलोय साहेब, अंगठेबहाद्दर नाही. सुट्ट्या झाल्या, नोकरी गेली, भाडं थकलं, ती गेली, खोली गेली, याच क्रमाने. कोणावर काही राग नाही, घरमालकही बिचारा किती दिवस थांबणार. आता मी लॉनवर लग्नाची भांडी घासतो. लग्नसराईत बरं चालतं, बाकीचे महिने देवाच्या भरवशावर. तिचा फोटो पासबुकाच्या कव्हरात होता. एकच होता.

हे लिहायचं नव्हतं, मागण्या लिहायच्या होत्या, पण आलं.

तर मेळावा. आधार कार्ड माझ्या खिशात होतं, लॅमिनेशन केलेलं, पण त्यावर जुन्या खोलीचा पत्ता आणि बंद पडलेला मोबाइल नंबर. मोबाइल बदलायला अंगठा लावला, मशीन घेईना. दहाही बोटं लावून झाली. सोडा आणि राखेने कढया घासून घासून बोटांवरच्या रेषा गेल्यात, ऑपरेटर पोरगी तिच्या ओढणीने माझं एकेक बोट पुसून पुन्हा दाबून पाहत होती, तिचा दोष नाही. मी म्हटलं डोळ्याने होतं ना, तर म्हणाली डोळ्याचं मशीन आज आणलं नाही काका. बेघर लोकांचा मेळावा, सगळे हमाली करणारे, कचरा वेचणारे, भांडी घासणारे, आणि डोळ्याचं मशीन आणलं नाही! जगातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता.

रेशनच्या काउंटरवर सांगितलं तुमचा पत्ता आमच्या झोनमध्ये येत नाही. मी म्हटलं मी त्या पत्त्यावर राहतच नाही. तर म्हणे मग सध्या राहता तिथला पुरावा आणा. मी म्हटलं सध्या राहतो तो फुटपाथ आहे. तर म्हणे असं लिहिता येत नाही. निराधारच्या काउंटरवर उत्पन्नाचा दाखला मागितला, तो तहसीलमधून आणा, आणि त्याला काय लागतं, तर रेशन कार्ड. म्हणजे बाजूच्याच टेबलवर जे मिळालं नाही तेच. त्यात वर्षाला 21 हजारांची अट, म्हणजे महिन्याला 1750 रुपये. माणूस त्याच्यावर कमावत असेल तर तो निराधार नाही. महिन्याला 1750 मध्ये जगणारा माणूस मला एकदा स्टेजवर आणून दाखवा साहेब, मी त्याच्या पाया पडतो. अनुदान किती, तर महिन्याला 1500, आणि त्यासाठी महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा पाहिजे.

आमच्या बाजूला एक म्हातारी आई झोपते, तिच्याजवळ तर काहीच कागद नाही. बँकेवाल्याने तिला आधारचा ओटीपी मागितला. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की ओळखपत्र नसलेल्या माणसाचंही फोटो आणि सही-अंगठ्यावर छोटं खातं उघडता येतं, वर्षभरासाठी, 50 हजारांपर्यंत शिल्लक ठेवता येते. मी त्याला मोबाइलवर दाखवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी त्याच्याच बँकेत दरोडा टाकायला आलो.

बीपी तपासलं, 170 वर निघालं, डॉक्टर म्हणाले मोठ्या दवाखान्यात दाखवा आणि जुनी फाइल घेऊन जा. फाइल तेव्हा ट्रकमध्ये होती, मला माहीत नव्हतं.

एक काउंटर मात्र खरंच छान चाललं, कटिंग-दाढीचं. रांगेत बसा, केस कापून घ्या, उठा, काम झालं. ना झोन, ना ओटीपी. त्या पोरांचं नाव स्टेजवरून कोणी घेतलं नाही.

शेवटी प्रत्येकाला एक ब्लँकेट. एप्रिलमध्ये. नागपुरात. बहुतेक थंडीतलं उरलं असेल. ज्या गावात 23 मे 2013 ला 47.9 डिग्री होतं त्या गावात एप्रिलमध्ये ब्लँकेट पांघरून फोटो काढायला लावला आम्हाला, आणि ज्या गावात 29 डिसेंबर 2018 ला 3.5 डिग्री होतं तिथे डिसेंबरात कोण विचारतं ते आम्हीच जाणतो. चार वाजता कॉम्प्युटर बांधायला सुरुवात झाली. मी केटरिंगमधला माणूस आहे, मला मंडपाचे, कूलरचे, साउंडचे, व्हीआयपी प्लेटचे रेट पाठ आहेत, माझ्या हिशोबाने चार-पाच लाखांच्या खाली हा कार्यक्रम झाला नाही, कमी असेल तर बिल दाखवा. लग्नासारखंच झालं सगळं, नवरदेव उशिरा आला, फोटो झाले, जेवणं झाली, वरात गेली, मागे आम्ही आणि उष्टी भांडी.

असे मेळावे होऊच नयेत असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. तिकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 2004 पासून असा कार्यक्रम चालतो, प्रोजेक्ट होमलेस कनेक्ट, त्यातली मुख्य गोष्टच ही की ज्याला सही करायचा अधिकार आहे तोच माणूस टेबलवर बसतो आणि जमेल तितकं काम त्याच दिवशी उरकतो. आपल्याकडे टेबलवर कोण बसतं? ज्याला फक्त फॉर्म वाटायचा अधिकार आहे तो. सही करणारा आपल्याबरोबर स्टेजवर असतो, शाल घेऊन.

आणि पत्ता नाही म्हणून काही होत नाही हे तर मला सांगूच नका. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही, हा निवडणूक आयोगाचा नियम आहे. फॉर्म 6 मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची, बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा बूथचा अधिकारी, रात्री येऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का, एकाहून जास्त वेळा येतो, आणि नाव लागतं. म्हणजे मत पाहिजे तेव्हा सरकार रात्री फुटपाथवर येऊन आम्हाला ओळखू शकतं, आणि तांदूळ द्यायचा म्हटला की त्याच सरकारला आम्ही दिसत नाही. काहून? आधारलासुद्धा मान्यता असलेल्या निवाऱ्याच्या प्रमुखाचं पत्र पत्त्यासाठी चालतं. मग निवाऱ्यावाल्यांना एक टेबल काहून नाही दिलं तुम्ही? माझ्या मागण्या साध्या होत्या: एक म्हणजे झोपायच्या जागेवर येऊन खात्री करा आणि तोच पत्ता धरा, दुसरं म्हणजे उत्पन्नाचा दाखला तिथल्या तिथे द्या, तिसरं डोळ्याचं मशीन, चौथं आता विसरलो, डोकं तापून राहिलं.

निवाऱ्यात काहून राहत नाही असं तुमचे लोक विचारतात. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलं, मोठ्या शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, बाराही महिने, चोवीस तास. 2011 च्या जनगणनेत नागपूर 24 लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच 24 निवारे पाहिजे होते, आता तर तिसाच्या वर लागतील. आहेत किती, बोटावर मोजून घ्या, एका हाताची बोटं संपली की दुसऱ्या हाताची थोडीशीच लागतील. मी ज्या निवाऱ्यात गेलो होतो तिथे रात्री अकराला दार बंद. लग्नाची भांडी रात्री दोनला संपतात. आता नवरीकडच्या लोकांना सांगू का की बापा लवकर जेवा, माझं दार बंद होते?

आणि मोजलं कधी तुम्ही आम्हाला? 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेवाल्यांनी मोजलं होतं, महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांच्या वर निघाले, देशात पावणे अठरा लाख. त्यानंतर 2021 ची जनगणना गेली पुढे, आता 2027. तोवर आम्ही 2011 चेच. मी तर तेव्हा बेघर नव्हतोच, म्हणजे तुमच्या हिशोबात मी आजही त्या खोलीतच राहून राहिलो आणि माझी बायको चहा करून राहिली!

पाहुणे आले की मात्र बरोबर दिसतो आम्ही. मार्च 2023 ला जी-20 वाल्यांसाठी शहर रंगवलं, लाइटिंग केली, आणि चौकाचौकात भीक मागायला बंदीचा आदेश काढला, कलम 144 लावून. मी भीक मागत नाही पण तेव्हा माझ्या ओळखीचे निम्मे लोक कुठे गेले ते आजवर समजलं नाही. 'सर्वांसाठी घरे 2022' ची पोस्टरं याच खांबांवर होती, त्यातलं एक फ्लेक्स आम्ही पावसाळ्यात पांघरलंय, चांगल्या क्वालिटीचं होतं. वर्धा रोडवर डबलडेकर पूल बांधला, 3.14 किलोमीटर, तेव्हा वर्ल्ड रेकॉर्ड झाला, मला पण अभिमान आहे, फोटो काढला होता मी पण. पण पुलाखाली कोण झोपते याचं रेकॉर्ड ठेवायला कोणाजवळ रजिस्टर नाही. 'शासन आपल्या दारी' वर जो जोक होतो तो सगळ्यांनी मारून झाला, मी मारत नाही.

बॅनरवर एका कोपऱ्यात गाडगेबाबांचा फोटो होता. बेघरांना आसरा म्हणणारा माणूस तो, आमच्या विदर्भातला. त्यांच्या फोटोपेक्षा तुमच्या कार्यकर्त्यांचे फोटो मोठे होते. बाबांनी झाडूनं काय केलं असतं ते तुम्हीच समजून घ्या.

आता डिसेंबरात अधिवेशन आहे. परत रस्ते धुवाल, डिव्हायडर रंगवाल, कुंड्या ठेवाल, परत एखादा मेळावा घ्याल आणि सकाळी आठला बस पाठवाल. मी बसणार नाही त्या बसमध्ये. म्हातारीलाही बसू देणार नाही. आम्ही तिथेच फुटपाथवर राहू, ट्रकवाल्यांनी आमच्यासकट सामान उचलावं. तुमचा ताफा तिथूनच जाईल, दुसरा रस्ता नाही. गाडी थांबवा, खाली उतरा आणि फॉर्म तिथेच भरून घ्या, सोबत तहसीलदारांना आणा, आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की शिक्का घरी विसरू नका.

आपला,
एक नागपूरकर
(नाव लिहिलं असतं, पण मग या खांबाजवळूनही उठवतील)