सर्किट बोर्डाचे वापरलेले रसायन गटारात जाऊ नये यासाठी विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

महोदय, स. न. वि. वि.

मी घरी हौसेने सर्किट बोर्ड बनवतो. बोर्डावरचे नको असलेले तांबे फेरिक क्लोराईडच्या द्रावणात विरघळवावे लागते. आधी कोऱ्या चहासारखे दिसणारे हे पाणी चार-सहा बोर्ड झाले की हिरवट-काळे पडते. विरघळलेले सगळे तांबे त्यातच असते.

मागच्या रविवारी घरकामाच्या मावशींनी बाल्कनीतली अशीच एक बाटली उचलून विचारले, "दादा, हा जुना काढा ओतून देऊ का?" बाटलीवर चिठ्ठी नव्हती, ही माझीच चूक. त्यांनी विचारले नसते तर दीड लिटर द्रावण थेट मोरीत गेले असते. आपल्या इमारतीतली कॉलेजची मुलेही प्रोजेक्टसाठी हेच वापरतात. त्यांतला एक म्हणाला, "काका, मागून भरपूर पाणी सोडतो ना!"

पाणी सोडून तांबे नाहीसे होत नाही. वाटेत हे द्रावण सिंकची स्टीलची जाळी आणि पितळी जोड खाते, आणि पुढे एसटीपीच्या टाकीत सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना तांबे विषासारखे बाधते.

मी आता वापरलेले द्रावण प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊन, हातमोजे आणि चष्मा घालून, त्यात धुण्याचा सोडा चमच्याचमच्याने टाकतो. फेस उसळतो, म्हणून बादली अर्धीही भरत नाही. फेस थांबून पीएच (द्रावणाच्या आम्लतेचे माप) ८ च्या आसपास आला की तांबे आणि लोह गाळ होऊन तळाशी बसतात. वरचे पाणी नितळ दिसते, तरी मी तेही ओतत नाही. गाळ तर घातक कचराच.

विनंती एवढीच, की कचराखोलीत कुलूप लावता येईल असा प्लॅस्टिकचा पेटारा ठेवावा आणि त्यातल्या बाटल्या अधिकृत घातक कचरा संकलनाकडे सोपवाव्यात. चिठ्ठ्या आणि नोंदवही मी सांभाळीन. फेरिक क्लोराईडऐवजी पेरॉक्साइड आणि ॲसिडचे मिश्रण वापरणाऱ्यांनी झाकण घट्ट लावू नये, आत वायू साठून बाटली फुटू शकते. असे मिश्रण पेटाऱ्यात न ठेवता आधी मला सांगावे. सफाई कर्मचाऱ्यांनाही कृपया सांगावे, की असे काही सांडलेले दिसले तर त्यावर ब्लीच टाकू नये. क्लोरीन वायू सुटतो.

येत्या सभेत १० मिनिटे मिळाली तर मुलांना बोलावून मी हे सारे प्रत्यक्ष दाखवीन.

आपला विश्वासू,
एक सभासद