आयर्विन पुलापर्यंत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सांगलीहून निघाल्यापासून सुमितची पँट डोळ्यांसमोरून हलत नाही. आई, शिंप्याकडून कमरेत पट्टी घालून आणलीस ती. निळ्या कापडाला काळी पट्टी. जेवताना काकू सगळ्यांदेखत "खाऊन खाऊन सुटलाय" म्हणाल्या आणि तो अर्धी पोळी ताटात टाकून उठला. रात्री दीडला डब्याचा आवाज आला म्हणून उठले, तर स्वयंपाकघरात दिवा न लावता उभ्याउभ्या फरसाण खात होता. मला म्हणाला, "ताई, पोट भरतच नाही गं."

तो खरं सांगतोय. ओलान्झापिनने, त्याच्या मनाच्या आजारावरच्या गोळीने, भूक खवळते, पोट भरल्याची जाणीव लवकर होत नाही. या गोळीने वजन वाढणं ही डॉक्टरांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. तेव्हा "आळशी", "जिभेचे चोचले" हे शब्द आपल्या घरात पुन्हा नकोत.

बाबा, गोळी अर्धी करून बघू म्हणालात, त्याची मला धास्ती वाटते. गोळ्या सुटल्या तेव्हाचे ते आठ दिवस आठवा. औषध बदलता येईल का, वजन आवरायला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी सोबत देता येईल का, हे पुढच्या खेपेला मी स्वतः डॉक्टरांना विचारते. साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासून घेऊ, फायलीत जुना रिपोर्ट सापडला नाही.

गोळी चालू ठेवूनही वजन उतरतं. अमेरिकेत मेरीलँडमध्ये स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य असे मनाचे आजार असलेल्या २९१ जणांचा अभ्यास झाला, २०१३ साली तो छापून आला. निम्म्या लोकांना वेगळं कुठे पाठवलं नाही, ते ज्या पुनर्वसन केंद्रात येत तिथेच सगळ्यांनी मिळून व्यायाम करायचा, खाण्याबद्दल बोलायचं, वजन करायचं. सूचना साध्या, त्यातली एक गोड पेयं सोडण्याची. १८ महिन्यांनी दोन गटांत सरासरी ३.२ किलोंचा फरक पडला. कमी वाटेल, पण पहिल्या गटातल्या जवळपास ३८ टक्के लोकांचं वजन निदान पाच टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्या गटात २३ टक्क्यांचं. आणि मला धीर आला तो याने, की वजन शेवटपर्यंत हळूहळू उतरत राहिलं. उलट इंग्लंडमध्ये चार आठवडे वर्ग, मग फोन आणि अधूनमधून एखादा वर्ग असं करून पाहिलं, तर वर्षाने काहीच फरक दिसला नाही. मला यातून एवढंच कळतं, की नुसतं समजावून भागत नाही, रोजची सोबत लागते.

आई, तो दिवसाला सहा कप चहा पितो, कपाला दोन चमचे. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या वर साखर नुसत्या चहातून. पण त्याचा एकट्याचा चहा फिका करू नकोस, सगळ्यांचाच कर, हळूहळू. फरसाण घरात आणूच नका. रात्री भूक लागली तर हाताशी काकडी, फुटाणे असू देत, आणि तो खाताना दिसला तर काही बोलू नकोस.

बाबा, "चालायला जा" म्हणून तो जाणार नाही. तुम्ही चप्पल घाला आणि "चल" म्हणा. सकाळी नको, रात्रीच्या गोळीची गुंगी असते, उठवलंत तर चिडेल. संध्याकाळी निघा. पहिले काही दिवस कोपऱ्यावरून परत आलात तरी चालेल. तुमच्या गुडघ्यांचं मला माहीत आहे, वाटेत बसा दोघं. दर रविवारी शिवणाच्या टेपने त्याची कमर मोजून वहीत लिहा, त्याच्याच हाताने. आकडा वाढला तरी काही म्हणायचं नाही.

काल फोनवर त्याने आपणहून विचारलं, आयर्विन पुलाजवळ अजून कणसं भाजतात का. मला माहीत नव्हतं. बाबा, त्याला घेऊन जाऊन बघून या.

तुमची,
ताई