डेलिली घेताना लेबलवरचा एक शब्द वाचा

संपादक महोदय,

मिनेसोटा, ऑन्टारियोसारख्या कडाक्याच्या थंडीत बाग फुलवणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे पत्र. डेलिली या बहुवर्षायू फुलझाडाचे रोप घेताना फुलाच्या रंगाआधी लेबलवर 'डॉर्मंट' लिहिले आहे का, ते पाहावे. या जातींची पाने हिवाळ्यापूर्वी पूर्ण वाळतात आणि कोंब मातीत निवांत राहतो. 'एव्हरग्रीन' म्हणजे सदाहरित जाती मात्र दोन दिवस ऊब मिळताच फुटू लागतात; पुन्हा गोठले की कोवळा कोंब कुजतो. अपवाद आहेत, पण नवख्याने जुगार कशाला खेळावा? 'स्टेला डी ओरो' ही 1975 ची बुटकी पिवळी जात झोन 3 मध्येही, म्हणजे अति कडाक्याच्या थंडीच्या पट्ट्यातही, तग धरते. सुगंध हवा तर 'हायपेरियन'.

जमीन गोठण्याच्या किमान सहा आठवडे आधी लागवड करावी. पाने आणि मुळे जुळतात तो भाग मातीखाली जेमतेम इंचभर असावा. फार खोल गेला की फुले रुसतात. उशिरा लावलेली, मुळे न धरलेली रोपे गोठण्या-वितळण्याच्या खेळात मातीबाहेर उचलली जातात. ते टाळण्यासाठी पहिल्या वर्षी पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, पण जमीन गोठल्यावरच. आधी घातले तर उंदरांना आयते घर मिळते.

घरात मांजर असेल तर डेलिली नकोच. मांजराच्या मूत्रपिंडांना ही वनस्पती घातक आहे.

– एक वाचक, मिनियापोलिस