थ्रीडी प्रिंटिंग शिकवा, पण साच्यासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मूर्तिकारांसाठी आणि शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी थ्रीडी मॉडेलिंग व प्रिंटिंगचे छोटे वर्ग आता ठिकठिकाणी निघत आहेत. निघायलाच हवेत. पण यातले बरेचसे वर्ग ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू होतात आणि प्रिंटरमधून वीतभर गणपती बाहेर आला की टाळ्या वाजवून संपतात. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत त्या प्रिंटचा उपयोग एकच, मूळ नमुना म्हणून. त्यावरून साचा निघाला, साच्यातून शाडूची मूर्ती सुटली आणि न तडकता वाळली, तरच शिकलेले कामी आले. नेमका हाच भाग शिकवायचा राहतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीच्या मूर्तींना नकार दिला. पुढे न्यायालयात जे झाले तो वेगळा विषय, पण शाडूकडे वळायचे तर संगणकातले मॉडेलही शाडूला झेपेल असेच हवे. पीओपी पातळ असताना कानाकोपऱ्यात शिरते आणि तसेच घट्ट होते. शाडू वाळताना आकसतो आणि पातळ जागी तुटतो. स्क्रीनवर झूम करून कोरलेली अर्ध्या मिलिमीटरची नक्षी मातीत उतरत नाही आणि जी थोडीफार उतरते ती रंगाच्या दोन हातांत बुजते. दागिन्याला दीड-दोन मिलिमीटर उठाव हवा. कानाची कड आणि बोटे मातीत टिकतील इतकी जाड ठेवावीत. सोंड पोटापासून सुटी दाखवण्याचा मोह टाळून निदान एका जागी टेकवावी.

आकसण्याचा हिशेब तर फार थोडे जण शिकवतात. आपल्याच मातीची १० सेंटिमीटरची पट्टी थापून पूर्ण वाळवावी आणि मोजावी. ९.३ भरली तर मॉडेल १०० भागिले ९३, म्हणजे मूळ मापाच्या १०७.५ टक्के करायचे. घट ७ टक्के म्हणून नुसते ७ टक्के वाढवले की मूर्ती किंचित लहान भरते. फाइल एसटीएल (थ्रीडी प्रिंटिंगचा नेहमीचा फाइल-प्रकार) असेल तर तिच्यात एककच नसते. सेंटिमीटरमध्ये केलेले मॉडेल स्लायसर, म्हणजे मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणारे सॉफ्टवेअर, मिलिमीटर समजून दहापट लहान दाखवतो, हेही पहिल्याच दिवशी सांगावे.

प्रिंटबद्दल थोडक्यात. प्लास्टिकची तार वितळवून थर देणाऱ्या साध्या फिलामेंट प्रिंटरवर ०.२ मिलिमीटरचा थर पुरतो. साधारण ४५ अंशांहून जास्त बाहेर झुकणाऱ्या भागाला आधार लागतो, तो चेहऱ्यावर येणार नाही असा तुकडा फिरवावा. मोठी मूर्ती तुकड्यांत छापताना जोड पितांबराच्या चुणीत किंवा हाराखाली लपवावा, तुकडे जोडणाऱ्या खुंटीला ०.२ ते ०.३ मिलिमीटर मोकळीक ठेवावी. थरांच्या रेषा साचा इमानाने उचलतो, म्हणून फिलर प्रायमर मारून १२०, २२०, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणे अटळ आहे. कोकणातल्या पावसाळ्यात उघडे पडलेले पीएलए (याच प्रिंटरचे नेहमीचे प्लास्टिक) दमट होते, छापताना बारीक तारा सुटतात, पृष्ठभाग खरबरीत येतो. रीळ ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास वाळवून सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावे.

आता साचा. प्रिंट ताठ आणि प्लास्टरही ताठ. दोघांत तसूभर अंडरकट, म्हणजे साचा अडकेल अशी आत वळलेली खाच, राहिला की एक फोडल्याशिवाय दुसरे सुटत नाही. म्हणून प्रिंटवरून आधी सिलिकॉन रबराचा साचा घ्यावा. इथे सर्वांत महागडी फजिती होते ती रेझिन प्रिंटची, म्हणजे द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करून (पिकवून) छापलेल्या नमुन्याची. प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन अर्धवट पिकलेल्या रेझिनला लागले की त्या जागी ते जमतच नाही, चिकट राहते आणि सगळे रबर वाया जाते. गंधक असलेल्या प्लॅस्टिसिनवरही (तेलकट मॉडेलिंग मातीवरही) असेच होते. रेझिन प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, अतिनील प्रकाशात पूर्ण पिकवावा, वर लॅकरचा हात द्यावा आणि तरीही पाठीमागे कोपऱ्यात थेंबभर सिलिकॉन लावून पाहावे. टिन प्रकारचे सिलिकॉन याबाबत कमी नखरे करते, पण कालांतराने आकसते आणि लवकर फाटते. घाई म्हणून हार्डनर जास्त घातला तर आणखी लवकर. प्रमाण वजनकाट्यावरच घ्यावे, अंदाजाने नव्हे.

संगणकाचा खरा फायदा इथे आहे, प्रिंटमध्ये नाही. ३० × २० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात चार लिटर आकारमानाचा नमुना ठेवून रबर ओतले तर आठ लिटर लागते. त्याऐवजी मॉडेलभोवती ८ मिलिमीटर अंतर सोडून बाहेरचे कवच संगणकातच काढावे, कुलपांसह (दोन भाग एकमेकांत नेमके बसवणाऱ्या खाचा-उंचवट्यांसह) दोन भागांत छापावे आणि मधल्या फटीत रबर ओतावे. पृष्ठभाग पाव चौरस मीटर धरला तर दोन लिटरांत काम होते. ओतण्याचे तोंड आणि उंच टोकांवर हवेची भोके कवचातच ठेवता येतात. पीएलए सुमारे ६० अंशांना मऊ पडते. कवच प्लास्टरचे करायचे असेल तर पोकळ प्रिंटभोवती जाड थर एकदम ओतू नये, जमताना प्लास्टर चांगलेच तापते आणि नमुना वाकतो.

रबरात दाबलेला शाडू मात्र ओलाच राहतो, कारण रबर पाणी पीत नाही. रबर सोलताना मऊ मूर्ती पिचकते. प्लास्टरचा साचा पाणी ओढतो, माती आकसून आपोआप सुटते, पण अंडरकटच्या जागी अडकून चिरते. म्हणून रबरातून एक प्लास्टरची प्रत काढून, अंडरकट भरून, तिच्यावर तुकड्यांचा साचा करावा. १०० भाग प्लास्टरला साधारण ७० भाग पाणी, वजनाने. प्लास्टर पाण्यात भुरभुरावे, पाणी प्लास्टरवर ओतू नये. तुकड्यांच्या सांध्यांना साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात द्यावेत. साचा ५० अंशांहून जास्त उष्णतेत वाळवला तर भुसभुशीत होतो.

म्हणून वर्ग घेणाऱ्यांना आणि त्यांना निधी देणाऱ्या शासकीय विभागांना आमची सूचना आहे. एकूण तासांपैकी निदान निम्मे साचेकामाला द्या आणि ते शिकवायला कारखान्यातला साचेवाला मानधन देऊन बोलवा. पहिले मॉडेल हाताने मातीत करून ते स्कॅन करायला लावा, म्हणजे माऊस धरण्याआधी वळण हाताला कळते. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल किंवा शेजारच्या कारखान्याची मूर्ती स्कॅन करून आणली तर नापास करा. शिल्प ही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीच आहे. आणि प्रमाणपत्र प्रिंट पाहून नव्हे, तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या साच्यातून निघालेल्या, वाळलेल्या तीन शाडूच्या मूर्ती शेजारी शेजारी ठेवून मगच द्या.

आपले,
साचेकाम व मूर्तिकाम शिकवणारे काही कारागीर,
पेण, जि. रायगड