तंत्र म्हणजे करणी आणि वशीकरण नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर रोज कुणीतरी 'तांत्रिक' असतोच, वशीकरण, करणी काढणे, 24 तासात रिझल्ट, आणि दोन पानं पुढे भोंदूबाबाला अटक झाल्याची बातमी असते तिथंही परत तांत्रिकच. वाचून वाचून लोकांना वाटायला लागलंय की तंत्र म्हणजे लिंबू, काळी बाहुली आणि स्मशान. मला याचा खरंच राग येतो, कारण तंत्र आपल्या देवघरात आहे आणि आपल्यालाच पत्ता नाही.

रामरक्षेची सुरुवात बघा. ऋषी, छंद, देवता हे वेदांपासून चालत आलेलं, पण पुढे सीता शक्ती, हनुमान कीलक (म्हणजे मंत्राची खीळ) येतं ना, ते तंत्राचं. अथर्वशीर्षात 'गं' हा बीजमंत्र अक्षर अक्षर सुटा करून सांगितलाय आणि गणपती मूलाधार चक्रात आहे असंही म्हटलंय, घरोघरी पोरं पाठ म्हणतात. नवरात्रात आपल्या सोलापूर-तुळजापूर भागात किती घरात देवीच्या सप्तशतीचा पाठ बसतो, त्यातला न्यास एकदा नीट बघा. अंगठ्यापासून एकेक बोट, मग हृदय, मस्तक, शेंडी, दोन्ही हात आडवे खांद्यांवर म्हणजे कवच, मग डोळे, आणि 'अस्त्राय फट्' ला टाळी. प्रत्येक ठिकाणी मंत्र ठेवायचा, म्हणजे पूजेला बसलेलं हे शरीरच देवीचं होतं. आधी देव व्हा मग देवाची पूजा करा, असं आपल्याकडे सांगतात ते हेच.

साधनेत तंत्राचं काम माझ्या मते इथंच आहे. शरीर, श्वास, आवाज, आकृती यातलं काही टाकून द्यायचं नाही, त्याचाच उपयोग करून वर जायचं. पण त्याला गुरू लागतो, दीक्षा लागते आणि वर्षानुवर्षांचा जप लागतो. काश्मीरमधे अभिनवगुप्त या शैव आचार्यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी तंत्रालोक हा ग्रंथ लिहिला, 37 आह्निकं म्हणजे प्रकरणं आहेत त्यात, एवढा तत्त्वविचार करणाऱ्या परंपरेला आपण बाहुलीत टाचण्या टोचणाऱ्यांच्या रांगेत बसवतो! आणि लांब कशाला जायचं, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होते त्याचं केवढं वर्णन आहे, माऊलींना ते गहिनीनाथ, निवृत्तीनाथ असं नाथपंथातून मिळालं.

पंचमकार (मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा, मैथुन) होते, मद्य-मांसाचा वामाचार होता, ते लपवायचं कारण नाही. पण तो दीक्षा घेतलेल्या मोजक्या साधकांपुरता आणि कडक नियमात, आणि कितीतरी परंपरांनी त्याचा अर्थ आतल्या साधनेकडेच वळवला. पैसे घेऊन नवरा वश करून देणं याच्यात कुठंच बसत नाही.

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला ते चांगलंच झालं, त्यात वारी, कीर्तन, भजन, पूजा यांना हात लावलेला नाही हेही लोकांना सांगायला पाहिजे. फसवणारा पकडला तर बातमीत सरळ भोंदू लिहा, आणि त्या जाहिराती घेणं आधी बंद करा. ती फोन नंबरवाली चौकट बघूनच अडचणीतली बाई फोन लावते, आणि पेपरात आलंय म्हणजे खरंच असेल असं तिला वाटतं.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर