तिच्या सुट्टीचीही गोष्ट लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीतल्या प्रेमकथांवर आलेला लेख वाचला. घटस्फोटित आई, तिचं लहान मूल, नाताळची किंवा उन्हाळ्याची सुट्टी, अनोळखी गाव आणि तिथे भेटलेला माणूस, अशा कादंबऱ्यांचं इंग्रजीत मोठं पीक आहे. लेखकाच्या मते त्यांत संघर्ष नसतो आणि त्या बायकांना भुलवतात. पदरात मूल असलेल्या बाईला आठ-दहा दिवसांच्या सुट्टीत प्रेम सापडणं फक्त पुस्तकातच घडतं, आणि आईने आधी मुलाकडे बघावं, असा त्यांचा एकूण सूर आहे. मी ६८ वर्षांची आहे, आयुष्यभर वाचत आले आहे आणि माझी मुलगी घटस्फोटित आहे. तिला विचारूनच हे पत्र लिहिते आहे. लेखातलं पहिलं म्हणणं मला पटलं नाही, आणि दुसरं वाचून तर त्रास झाला.

लेखकाला मुळात सुट्टीच खोटी वाटते. कुटुंब न्यायालयातल्या मुलाच्या ताब्याच्या अटी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना तसं वाटणार नाही. परस्परसंमतीने घटस्फोट घेताना दोघांच्या वकिलांनी मिळून ‘कन्सेंट टर्म्स’, म्हणजे दोघांना मान्य असलेल्या अटी, लिहिलेल्या असतात. पोटगी किती, दागिने कुणाचे, मूल कुणाकडे. मूल आईकडे राहणार असेल तर वडिलांच्या भेटी ठरतात: एकाआड एक शनिवार-रविवार, वाढदिवसाला काही तास, आणि मे महिन्याची व दिवाळीची अर्धी-अर्धी सुट्टी. ही अर्ध्या सुट्टीची अट नेहमीची आहे. वर्षभर डबा, शाळेची रिक्षा, ताप, गृहपाठ आणि नोकरी यांत बुडालेली बाई मे महिन्यातल्या एका सकाळी मुलाची बॅग भरून देते, त्याला खाली सोडून येते आणि दार लावून घेते. पुढचे पंधरा दिवस घरात ती एकटी. सबंध वर्षात सलग एवढा वेळ तिला स्वतःसाठी एरवी मिळत नाही. तिच्या आयुष्यात कुणी यायचंच असेल तर ते याच दिवसांत येईल. इतर दिवशी तिला समोरच्या माणसाचं वाक्य पुरतं ऐकायलाही सवड नसते. म्हणून सुट्टीतलं प्रेम ही मला लेखकांनी योजलेली सोय वाटत नाही. घटस्फोटित आईच्या वर्षाचा आकारच तसा असतो.

माझी मुलगी पहिल्या तशा सुट्टीत रोज रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबायची. रिकाम्या घरात तिला पाऊल ठेववत नव्हतं. पुढच्या मे महिन्यात मैत्रिणींबरोबर दापोलीला गेली. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव बघायला उभी होती, तिथून तिने मला फोन केला. म्हणाली, “आई, आज मी बसून, गरम गरम जेवले. कुणाचे काटे काढून द्यायचे नव्हते.” हे सांगताना तिला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. ती लाज तिला कुणी शिकवली? परत आल्यावर भेटेल तो नातेवाईक विचारत होता, “लेकाशिवाय करमलं तुला?” त्याच पंधरवड्यात मुलाचे वडील त्याला घेऊन महाबळेश्वरला गेले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मुलीच्या कपाटातल्या अशा बऱ्याच इंग्रजी कादंबऱ्या मी चष्मा पुसून पुसून वाचून काढल्या. त्यांचं सगळंच मला आवडलं असं नाही. पहिला नवरा हटकून दुष्ट नाहीतर बेपत्ता असतो. पैशाचा हिशेब कुणी करत नाही. नवा माणूस मुलाशी एक संध्याकाळ खेळला की मूल त्याचं होऊन जातं. पण या कादंबऱ्या एक गोष्ट मनापासून करतात आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. शेवटी तिचं भलं होणार हे त्या वाचणारीला आधीच सांगून ठेवतात. मिल्स अँड बून ही लंडनची प्रकाशन कंपनी १९०८मध्ये निघाली आणि पुढे याच वचनावर उभी राहिली. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने तर या प्रकाराच्या व्याख्येतच समाधान देणारा, आशादायी शेवट घातला आहे. लेखकाला हे भुलवणं वाटतं. मला वाटतं, जिला सगळ्यांनी ‘आता संपलं’ असं सांगितलं आहे, तिला तीनशे पानं हात धरून नेणारं कुणीतरी हवं असतं.

मराठीने हे कधी केलंच नाही असंही नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला, म्हणजे १८५७च्या आपल्या पहिल्या कादंबरीला, विधवांच्या हालांचीच पार्श्वभूमी आहे, आणि तिच्यातली यमुना अखेर पुन्हा लग्न करते. अर्थात त्यासाठी तिला धर्म सोडावा लागतो. पुढे १८९०पासून हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली. तिची नायिका यमू विधवा होते, तिचं केशवपन होतं आणि ती मरते. ती कादंबरी खरी होती, तिने घराघरांतल्या माणसांना हलवलं, आणि तिच्यापुढे माझी मान लवते. परंतु तेव्हापासून एकट्या बाईची गोष्ट आपल्याला रडली तरच खरी वाटते, हसली की उथळ वाटते. आपल्या पुरवणीतला लेख याच सवयीतून आला आहे.

‘आईने आधी मुलाकडे बघावं’ या वाक्याला तर फार जुना इतिहास आहे. १८५६च्या विधवाविवाहाच्या कायद्याचं कौतुक आपण शाळेत शिकलो. त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात असंही होतं की विधवेने पुन्हा लग्न केलं तर नवऱ्याकडच्या नातेवाइकांना न्यायालयात जाऊन तिच्या मुलांना दुसरा पालक नेमून मागता येईल. पतीच्या इस्टेटीवरचा हक्क जायचा तो वेगळाच. कायद्याने बाईला लग्नाचं दार उघडून दिलं आणि मूल उंबऱ्याच्या आत ठेवून घ्यायची सोयही करून ठेवली. आपल्याकडच्या अनेक समाजांत काडीमोड घेऊन पाट लावायची, म्हणजे पुन्हा लग्न करायची, मोकळीक होती, असं अभिमानाने सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण पाट रात्री, गाजावाजा न करता लागायचा आणि पहिल्या घरची मुलं बहुधा पहिल्या घरीच राहायची. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडने त्यांना वाळीत टाकलं, हे आपण विसरलेलो नाही. पदरात मूल घेऊन बोहल्यावर उभी राहिलेली बाई मात्र त्या सगळ्या काळात क्वचितच दिसते.

आज कायदा पुष्कळ बदलला आहे. दुसरं लग्न केलं एवढ्यावरून आईचा ताबा जात नाही. मुलाचं हित कशात आहे ते न्यायालय पाहतं. मुलाची पोटगी आईच्या लग्नाने थांबत नाही. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विवाह केलेल्या एका विधवेच्या प्रकरणात, मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार आईला आहे, असं म्हटलं. हे सगळं मोलाचं आहे. तरीही हिंदू विवाह कायद्याच्या पंचविसाव्या कलमात आजही लिहिलेलं आहे की पोटगी घेणारी पत्नी ‘चारित्र्याने’ राहिली नाही असं न्यायालयाला पटलं, तर पतीच्या अर्जावरून तिची पोटगी बदलता किंवा रद्दही करता येते. म्हणून माझ्या मुलीसारख्या बायका कुणाबरोबर कॉफी प्यायला जातानाही फोटो निघणार नाही ना, याचा विचार करतात. माझ्या मुलीला पोटगी नाही, ती स्वतः कमावते, तरी ती हा विचार करते. लेखकाला या कादंबऱ्यांत संघर्ष दिसला नाही. तो इथे आहे. आपल्या शहरातल्या बाईच्या फोनमध्ये आणि पर्समध्ये आहे.

आणि तो आपल्या वर्तमानपत्रातही आहे, हे मी आदराने पण स्पष्ट लिहिते. त्याच रविवारच्या अंकात वधू-वर सूचक जाहिराती होत्या. पुनर्विवाहाच्या रकान्यात ‘विनापत्य असल्यास प्राधान्य’ आणि ‘अपत्याची जबाबदारी नसावी’ या अर्थाच्या ओळी पुन्हा पुन्हा येतात. स्वतःला मूल असलेले पुरुषही तसं मागतात. जिथे खऱ्या माणसांच्या जाहिरातीत माझ्या नातवाला जागा नाही, तिथे निदान गोष्टीत ती असावी. गोष्टीत एकदा घडलेलं पाहिलं की माणसाला ते कल्पता येतं. नातवालाही.

माझ्या मनातल्या मराठी कादंबरीत पहिला नवरा दुष्ट नसेल. माझे माजी जावई दुष्ट नाहीत. नवरा म्हणून जमलं नाही, बाप म्हणून ते वेळेवर येतात. तिच्यात शनिवारची संध्याकाळ असावी, सोसायटीच्या फाटकाशी दोघं चार पावलं अंतर ठेवून उभे आणि मधून मूल बॅग ओढत चाललेलं. आजी-आजोबा असावेत. ते नातवाला दिवसभर सांभाळतात आणि म्हणून मुलीच्या आयुष्यावर आपला अधिकार आहे असं समजतात. शाळेच्या फॉर्मवरचा वडिलांच्या नावाचा रकाना असावा. नवा माणूस पस्तिशीतला देखणा हॉटेलमालक असायची गरज नाही. पन्नाशीला आलेला, बायको गेलेला, सुट्टीत गावच्या घराची कौलं शाकारायला आलेला कुणी शिक्षकही चालेल. त्याने मुलाला लगेच जिंकू नये. मुलाने त्याच्याशी दोन सुट्ट्या बोलू नये आणि त्याने ते सोसावं. आणि इतकं सगळं होऊनही शेवट चांगला असावा. तो कष्टाने आलेला असावा, पण चांगला असावा, ही माझी अट आहे.

असं लिहिणारे मराठीत आज आहेत, छापणारे कचरतात, असं मला वाटतं. १९०९मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून सुट्टीत वाचायची आपली रीत दिवाळी अंकांची आहे. वाचनालयाची योजना घ्यायची आणि एकेक अंक बदलून आणत तुळशीच्या लग्नापर्यंत वाचत राहायचं. दिवाळीची अर्धी सुट्टी मुलाविना काढणाऱ्या बायकाही हेच अंक वाचतात. त्यांत राजकारण असतं, परदेशप्रवास असतो, म्हाताऱ्या आईबापांच्या दुःखाच्या कथा असतात. फराळाचा डबा देऊन मुलाला त्याच्या बाबांकडे पाठवलेल्या आणि त्या दुपारी कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईची, सुखाकडे जाणारी कथा मी अजून शोधते आहे.

तरी माझी विनंती आहे की यंदाच्या आपल्या दिवाळी अंकात अशी एक दीर्घकथा मागवून छापावी, आणि ती ‘महिला विशेष’ वगैरे चौकटीत न टाकता इतर कथांच्या बरोबरीने, पहिल्या पानांत असावी. तसंच जाहिरात विभागाशी बोलून, पुनर्विवाहाच्या रकान्यात ‘अपत्यासह स्वीकार’ असं लिहू इच्छिणाऱ्यांना दोन शब्द विनामूल्य देता येतील का, तेही पाहावं. अंकाचं काम पावसाळ्यातच सुरू होतं हे माहीत आहे, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवते आहे.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)